सुभेदारांचं मणक्यातलं पाणी

गणपती उठले की दरवर्षी या अंकाच्या संपादकांचा फोन येतो. लॅबमधल्या गमतीजमती लिहा म्हणतात, तीस वर्षं लोकांचं रक्त काढताय, सांगण्यासारखं असेलच की काहीतरी. मी दरवर्षी काहीतरी कारण सांगून सुटतो. यंदा हो म्हणालो.

गमतीजमती आहेत. एका निवृत्त मास्तरांना चोवीस तासांची लघवी साठवून आणायला सांगितली, तर ते गोडेतेलाचा पंधरा लिटरचा डबा मांडीवर घेऊन एसटीने आले. डब्याच्या तळाला जेमतेम दीड लिटर, पण एक थेंब सांडू दिला नाही हे त्यांनी मला चार वेळा सांगितलं. एका आजींनी रक्त काढून झाल्यावर विचारलं, तपासून उरलेलं परत आत घालता का. अशा पुष्कळ गोष्टी मला पाठ आहेत. लग्नकार्यात सांगतो, लोक हसतात.

एक गोष्ट मात्र मी आजवर अर्धीच सांगत आलो. तेवढी अर्धी ऐकली की लोक माझं कौतुक करतात. उरलेली अर्धी आज लिहितो.

नव्वदच्या दशकातली शेवटची वर्षं. सांगलीत एका पॅथॉलॉजिस्ट बाईंच्या लॅबमध्ये मी टेक्निशियन होतो. त्यांना आम्ही मॅडम म्हणायचो. मी मूळचा पाटणकडचा. वडील कोयनेच्या कामावर मजूर, आई दुसऱ्याच्या भातखाचरात. आमच्या बौद्धवाडीतून दहावीच्या पुढं गेलेले दोघंच, आणि पांढरा एप्रन घालून कामावर जाणारा मी एकटा. सुट्टीला गावी येताना एप्रन घेऊन ये, असं आई बजावायची. धुवायला म्हणून. धुऊन ती तो परसात न घालता पुढच्या अंगणात, रस्त्याच्या बाजूच्या दोरीवर वाळत घालायची. मी काही बोलायचो नाही. पण त्या एप्रनवर डाग पडू नये याची धास्ती मला तेव्हापासून लागली ती लागलीच.

आमच्या कामात तेव्हा काच म्हणजे सर्वस्व. आता सगळं प्लास्टिकचं आलंय, एकदा वापरायचं आणि टाकायचं. तेव्हा दवाखान्यांतून इंजेक्शनच्या रिकाम्या बाटल्या गोळा करायच्या, रबरी बुचं काढायची, लेबलं भिजवून खरवडायची, बाटल्या सोड्याच्या पाण्यात उकळायच्या, अॅसिडमध्ये बुडवून ठेवायच्या, नळाखाली दहा वेळा विसळायच्या, शेवटी डिस्टिल्ड वॉटर. वाळल्या की तोंडाला कापसाचं बूच आणि वर कागद बांधून मोठ्या प्रेशर कुकरमध्ये वीस मिनिटं. या बाटल्यांना आम्ही बल्ब म्हणतो. माझे बल्ब उजेडात धरले तर हातात काही आहे की नाही असं वाटायचं. नवीन माणूस कामावर आलं की मॅडम त्याला आधी माझं कपाट दाखवायच्या. जे आपल्या हातानं उकळलेलं नाही ते घाण, एवढा एकच नियम मी पाळायचो. मला त्याचा गर्व होता हे कबूल करतो.

आता मणक्यातल्या पाण्याविषयी. मेंदूभोवती आणि पाठीच्या कण्यात एक पाणी फिरत असतं. मेंदूज्वराचा संशय आला की डॉक्टर रोग्याला कुशीवर झोपवून, गुडघे पोटाशी घ्यायला लावून, कमरेजवळच्या दोन मणक्यांमधून सुई घालतात आणि त्या पाण्याचे काही थेंब काढतात. धडधाकट माणसाचं ते विहिरीच्या पाण्याहून नितळ असतं. पू झाला असेल तर ताकासारखं दिसतं. आम्ही त्यातल्या पेशी मोजायचो, साखर बघायचो. लोकांना या सुईची भयंकर भीती. माणूस लुळा पडतो म्हणतात. तसं काही होत नाही, डोकं दुखतं एखादा दिवस, पडून राहायचं आणि चहा प्यायचा.

त्या सुमारास सांगलीत मेंदूविकाराचे एक तरुण डॉक्टर आले. त्यांचं नाव लिहीत नाही, नुसतं डॉक्टर म्हणतो. विसरणं हा त्यांचा विषय. म्हातारपणी माणूस विसरायचाच, असं आपण म्हणायचो. ते म्हणायचे, प्रत्येक विसरणं म्हातारपणाचं नसतं. अल्झायमर नावाचा आजार आहे, आणि घरच्यांच्या तो लक्षात येतो तोवर त्याला आत शिरून कितीतरी वर्षं झालेली असतात. तो सुरुवातीलाच ओळखता यावा म्हणून मणक्यातलं पाणी तपासायची एक नवी पद्धत निघाली होती. त्यांनी ती मला लॅबच्या ओट्यावर खडूनं चित्र काढून समजावून दिली. मेंदूत एक चिकट प्रथिन साचत जातं. ते तिथंच अडकून बसलं की पाण्यात कमी उतरतं. म्हणून पाण्यात ते कमी सापडलं तर समजायचं की आत साठतंय. दुसरं एक प्रथिन आहे, ते मेंदूच्या पेशी मरू लागल्या की पाण्यात वाढतं. एक घटलेलं, एक वाढलेलं, असं दोन्ही मिळून बघायचं. नुसत्या एकावर भरवसा ठेवायचा नाही, हे त्यांनी तेव्हाच सांगितलं होतं. मुंबईतल्या एका प्रयोगशाळेत त्यांचा मित्र होता, तो ही तपासणी करून द्यायचा. नमुना घेणं आणि बर्फात घालून पाठवणं माझ्याकडं.

त्या मित्रानं सहा नळ्या पाठवल्या. प्लास्टिकच्या, दुधट रंगाच्या, आट्यांची झाकणं असलेल्या, एका बंद पिशवीत. सोबत एक इंग्रजी कागद. नमुना फक्त याच नळ्यांत घ्यावा, ही पहिली ओळ मी वाचली. खाली बारीक अक्षरात बरंच काही होतं. ते वाचायचं राहिलं.

मला त्या नळ्या पटेनात. आतलं धड दिसत नाही. कुणी धुतल्या, कुणी उकळल्या, काही पत्ता नाही. पिशवीवर निर्जंतुक असं छापलेलं होतं, पण ते छापणाऱ्याला मी कुठं ओळखत होतो? शेवटी हाताला येणाऱ्या प्रत्येक वस्तूचं जे करायचो तेच केलं. सगळ्या कुकरमध्ये घातल्या. वीस मिनिटांनी उघडून बघतो तर नळ्या जशाच्या तशा, आणि झाकणं आक्रसून वाकडी झालेली. सहातलं एकही आट्यांवर बसेना. मुंबईहून आलेली वस्तू मी शिजवून ठेवली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी सुभेदारांचा नंबर होता.

सुभेदार पांडुरंग माने. कराडच्या खालच्या अंगाला कृष्णाकाठी त्यांचं गाव. पलटणीतून निवृत्त होऊन आले तेव्हा गावानं नुकतीच नदीवर उपसा पाणी योजना केली होती. चाळीस सभासद, सगळ्यांचा ऊस, मोटारी तीन. पाणी कुणाला कधी आणि किती तास, याच्या पाळ्या लावायचं काम सुभेदारांकडं आलं. पाण्यावरून भांडणं होणाऱ्या गावात असा माणूस लागतो जो कुणाचाच नाही. पाळ्या ते कागदावर लिहीत नसत. चाळीस शेतं, त्यांचे वाफे, लाइट गेल्यानं कुणाचे किती तास बुडाले, सगळं डोक्यात. मोटारघराची किल्ली त्यांच्या कमरेला. सुभेदारांनी सांगितलं की झालं.

त्या उन्हाळ्यात त्यांनी एक पाळी चुकवली. एकाला दोनदा पाणी गेलं, दुसऱ्याचा लागणीचा ऊस वाळला. मारामारीची वेळ आली. महिन्याभरानं पुन्हा तसंच झालं. म्हणून मुलगा विलास त्यांना घेऊन सांगलीला आला होता.

डॉक्टरांनी त्यांची स्मरणाची परीक्षा घेतली तेव्हा रक्त काढण्यासाठी मी त्यांच्या दवाखान्यातच होतो. तीन शब्द लक्षात ठेवा, घड्याळाचं चित्र काढा, शंभरातून सात वजा करत चला. सुभेदार सावकाश, फारच सावकाश उत्तरं देत होते, एखाद्या खोल आडातून बादली वर यावी तशी. पण बादली रिकामी येत नव्हती. देशाचे पंतप्रधान कोण, असं विचारलं. तेव्हा दिल्लीत सरकारं सारखी बदलत होती. सुभेदारांनी डॉक्टरांकडं बघितलं आणि म्हणाले,

"ह्या महिन्यातलं का गेल्या?"

डॉक्टर हसले. विलास हसला नाही. तो म्हणाला, "बघा, असं करत्यात. सरळ सांगत न्हाईत."

डॉक्टरांनी कागदावर दोन गोष्टी लिहिल्या. मणक्यातलं पाणी, आणि थायरॉइड. थायरॉइडचं रक्त तेव्हा आमच्याकडं होत नसे, आठवड्यातून एकदा पुण्याला जायचं आणि तो वार होऊन गेला होता. पुढच्या खेपेला घेऊ असं ठरलं.

पाणी काढताना माझं काम डॉक्टरांच्या शेजारी उभं राहून सुईखाली नळी धरायचं. ट्रेमध्ये मी माझा काचेचा बल्ब ठेवला होता. बिनझाकणाची नळी ठेवली असती तर डॉक्टरांनी विचारलं असतं की झाकण कुठाय. आणि खरं सांगतो, मनातून मला काचच बरी वाटत होती. माझ्या हातची, चारदा उकळलेली काच. तिच्यात काय बिघडणार?

सुभेदार कुशीवर वळले, गुडघे पोटाशी घेतले. सुई आत जाताना त्यांच्या तोंडून आवाज आला नाही. डॉक्टरांची नजर सुईवर होती. नजर न हलवताच त्यांनी विचारलं,

"त्याच नळ्या ना?"

मी म्हणालो, "हो सर."

थेंब पडू लागले. नितळ होते. दुपारपर्यंत तो बल्ब लॅबच्या फ्रिजमध्ये राहिला. मग मी ते पाणी एका प्लास्टिकच्या नळीत ओतलं, त्यातल्या त्यात बऱ्या झाकणावर चिकटपट्टी गुंडाळली, थर्मासात बर्फ भरला आणि कुरियरला दिला. नंतर डॉक्टरांना सांगितलं की उरलेल्या नळ्यांची झाकणं उंदरांनी कुरतडली. ते म्हणाले, सांगलीचे उंदीर फार शिकलेले दिसतात. नव्या नळ्या आल्या, त्यांना मी हात लावला नाही, पुढचे नमुने त्यांतच घेतले. काचेत गेलेला नमुना एकच, सुभेदारांचा.

दीड महिन्यानं रिपोर्ट आला. चिकट प्रथिन खूप कमी. दुसरं प्रथिन वाढलेलं नाही. डॉक्टरांनी कागद दोनदा वाचला. म्हणाले, एक हो म्हणतंय, एक नाही म्हणतंय, अगदी सुरुवात असावी. विलासला त्यांनी नीट समजावलं, खात्रीनं सांगता येत नाही, दर तीन महिन्यांनी दाखवा. पण कागदावर आकडा छापलेला असला की आपल्याकडं तो देवळातल्या कौलासारखा होतो. विलासनं तेवढाच ऐकला. त्यानंतर थायरॉइडचं नाव कुणाच्या तोंडी आलं नाही. कागदावर ते लिहिलेलं होतं. रोज असे कागद मीच लावायचो, मलाही दिसलं होतं.

त्या दिवशी विलास औषधं आणायला गेला तेव्हा सुभेदार एकटेच लॅबच्या बाकावर येऊन बसले. अंगात खाकी स्वेटर. मला म्हणाले, "साब, काय निघालं त्या पान्यात? मला कुनी सरळ सांगंना. मी हुकूम ऐकनारा मानूस हाय. खरं आसंल ते सांगा, आपन तयारी करतो."

मी म्हणालो, रिपोर्ट डॉक्टर सांगतील. आम्हाला सांगायची परवानगी नसते.

"बराबर हाय," ते म्हणाले. "ड्यूटी ती ड्यूटी."

त्याच आठवड्यात विलासनं त्यांच्या कमरेची किल्ली काढून घेतली. हे मला नंतर कळलं.

पुढच्या वर्षीच्या सुरुवातीला, थंडी सरताना, डॉक्टरांचा तो मुंबईचा मित्र सांगलीला आला. इथल्या डॉक्टर मंडळींसमोर त्याचं व्याख्यान ठेवलं होतं. स्लाइड दाखवायच्या मशीनवर मला बसवलं, कारण ते मशीन आमच्या मॅडमचं. अंधार केला होता. तो बोलायचा, हात वर करायचा, मी बटण दाबायचो. दहा-बारा स्लाइड झाल्यावर एक साधी स्लाइड आली, काचेची परीक्षानळी आणि तिच्यावर फुली. तो म्हणाला, हे प्रथिन चिकट असतं म्हणून मेंदूत साचतं, तसंच ते काचेलाही चिकटतं. नमुना काचेत घेतला तर त्यातलं बरंचसं काचेवरच बसून राहतं, आणि रिपोर्टमध्ये ते कमी झाल्यासारखं दिसतं. निरोगी माणूस रोगी ठरतो. आमच्या सूचनापत्रात हे लिहिलेलं असतं, तरी होतं कधीकधी.

लोक थोडं हसले. त्यानं हात वर केला. मग पुन्हा वर केला. मग म्हणाला, "पुढची, प्लीज." माझं बोट बटणावर होतं आणि ते दाबलं जात नव्हतं. कुणीतरी मागून म्हणालं, मशीन अडकलं वाटतं.

घरी न जाता लॅबमध्ये गेलो. कपाटातून तो इंग्रजी कागद काढला. बारीक अक्षरात, खालच्या परिच्छेदात, ते होतं.

तिथून तीन महिने मी काहीच केलं नाही. लिहिताना हे वाक्य किती लहान दिसतं. रोज सकाळी ठरवायचो की आज सांगायचं. डॉक्टरांची गाडी बाहेर थांबली की मी नळाखाली बल्ब विसळायला घ्यायचो. लॅबचा फोन वाजला की वाटायचं, त्यांनाच कळलं. मग ते यायचे, हसून काहीतरी विचारायचे, जायचे, आणि मला हलकं वाटायचं, आणि त्या हलकेपणाची घृणा वाटायची. स्वतःशी हुशारी करायचो. कदाचित त्यांना खरंच तो आजार असेल. काचेनं किती खाल्लं कुणाला ठाऊक? पाळ्या चुकल्याच होत्या ना? आणि नोकरी गेली तर? मॅडम काय म्हणतील? त्यापुढं मात्र एक चित्र यायचं. रस्त्याच्या बाजूच्या दोरीवर वाळणारा एप्रन. लोक म्हणतील, या पोरांच्या हातात काम दिलं की असं होतं. एका माणसाचं आयुष्य एका बाजूला आणि माझी ही धास्ती दुसऱ्या बाजूला, आणि तीन महिने धास्तीचं पारडं जड.

वैशाखात सुभेदारांची सून शालन स्वतःचं रक्त तपासायला आली. धीट, बोलकी बाई. सुई टोचायच्या आधीच तिनं सासऱ्यांचं काढलं.

"आवं भाऊ, मामंजींचं काय सांगू तुमास्नी. एवढी तलखी, तरी स्वेटर उतरंना अंगावरचा. आवाज पार घोगरा झालाय. हाक मारली की घटकाभरानं व्हय म्हनत्यात. गोठ्याम्होरं बसायचं नि पेंगायचं. आमचं मालक म्हनत्यात, डोकं गेलंय, त्येचंच हाय समदं." मग ती थांबली आणि मला विचारलं, "पन डोकं गेल्यावर थंडी वाजती व्हय हो?"

डोकं गेल्यावर थंडी वाजत नाही. थंडी, घोगरा आवाज, पेंग, संथ बोलणं, हे सगळं मी डिप्लोमाला पाठ केलं होतं. गळ्यातली थायरॉइडची ग्रंथी मंदावली की असं होतं. त्यात माणूस विसरतोही. आणि ते गोळीनं सुधारतं.

त्या रविवारी सकाळच्या एसटीनं मी त्यांच्या गावी गेलो. डॉक्टरांनी पाठवलंय असं खोटंच सांगितलं. सुभेदार गोठ्यासमोर खुर्चीवर बसले होते, चेहरा सुजल्यासारखा, स्वेटर तोच. मला ओळखायला त्यांना वेळ लागला, पण ओळखलं. "साब," म्हणाले, आणि हात पुढं केला. हात थंड आणि खरखरीत होता. समोरून माणसं मोटारघराकडं जात होती. एक जण हसून ओरडला, "सुभेदार, आज कुनाची पाळी?" त्यांनी तोंड उघडलं. उत्तर येईपर्यंत तो माणूस वळणापलीकडं गेला होता. उत्तर आलं. ते मला आणि आत शालनलाच ऐकू आलं. नाव आणि तास. घरातून शालन म्हणाली, "बराबर हाय की ते."

त्यांचं रक्त काढून घेतलं आणि पुण्याला माझ्या जबाबदारीवर पाठवलं. रिपोर्ट आला तेव्हा थायरॉइड जवळजवळ बंद पडलेलं होतं.

इथूनच मी अर्धं सांगायला लागलो. कागद घेऊन डॉक्टरांकडं गेलो आणि म्हणालो, सुनेनं फार आग्रह केला म्हणून मीच रक्त घेतलं, माफ करा. डॉक्टरांनी कागद बघितला, उठून खिडकीपाशी गेले. म्हणाले, "हे मी लिहिलं होतं आणि विसरलो. पाण्याच्या रिपोर्टवर विसंबलो. चूक माझी आहे." मग माझ्या खांद्यावर हात ठेवला. "तू नसतास तर हा माणूस गेला होता."

मी तिथं उभा होतो. तोंडात वाक्य तयार होतं. एवढंच म्हणायचं होतं, सर, नळी काचेची होती. म्हणालो नाही.

गोळ्या सुरू झाल्या. प्रत्येकाला एवढा गुण येतोच असं नाही, डॉक्टर सांगत होते. सुभेदारांना आला. दिवाळीपर्यंत स्वेटर उतरला, आवाज मोकळा झाला, आणि शंभरातून सात वजा करत ते थेट दोनपर्यंत न अडखळता उतरले. विलास गुळाची ढेप घेऊन लॅबमध्ये आला, सगळ्यांसमोर माझ्या पाया पडू लागला. मॅडमनी पेढे मागवले. हीच ती अर्धी गोष्ट, जी मी सांगत आलो.

उरलेली अशी. किल्ली त्यांना परत मिळाली नाही. गावात एकदा डोकं गेलं असं झालं की झालं. पाळ्या आता विलास आणि आणखी दोघं वहीत लिहीत होते, आणि रोज भांडणं होती. सुभेदारांनी चूक दाखवली की लोक म्हणायचे, "सुभेदार, आज गोळी घेतली का?" सगळे हसायचे. पोरंसोरंसुद्धा. वाईट हे की आता त्यांना सगळं कळत होतं. आजारात हे कळत नव्हतं. शालन सांगायची, रोज सकाळी मोटार चालू झाल्याचा आवाज आला की मामंजी खुर्चीत ताठ बसतात आणि त्या दिवसाची पाळी पुटपुटतात. कुणी विचारत नाही.

मी दोन वर्षांनी गेलो सांगायला. नदीकडं जाणाऱ्या वाटेवर आम्ही दोघंच होतो. सगळं सांगितलं. झाकणं, काच, हो सर, अंधारातली स्लाइड, तीन महिने. ते चालता चालता थांबले नाहीत. पाटाच्या कडेला आल्यावर टेकले. मी खाली बघत उभा. मला वाटलं शिवी देतील. द्यायला हवी होती.

"तवा सांगायचं हुतं," ते म्हणाले.

मी हो म्हणालो.

"गोळीनं बरा झालो म्हनून लोक हसत्यात. गोळीची मला लाज न्हाई. पन डोकं गेलं हुतं म्हनत्यात, ते लागतं. आता मला एकट्याला सांगून काय उपेग, साब? मला ठावंच हाय माझं डोकं गेलं न्हवतं." त्यांनी मोटारघराकडं हात केला. "चाळीस मानसं हायत तिथं. त्येंच्याम्होरं सांगा. पुढल्या सोमवारी मिटिंग हाय."

विनंती नव्हती ती. हुकूम होता.

सोमवारी मी सांगलीच्या स्टँडवर आलो. कराडची गाडी लागली, भरली, सुटली. दुसरी लागली, तीही सुटली. तिसरीच्या वेळी मी लॅबमध्ये परत गेलो आणि बल्ब धुवत बसलो. सुभेदारांनी पुन्हा कधी निरोप पाठवला नाही. मी वर्षाकाठी जायचो तेव्हा चहा व्हायचा, उसाचं बोलणं व्हायचं. त्यांनी तो विषय काढला नाही. मी निघताना फक्त विचारायचे, "सोमवारचं काय झालं, साब?" मी चपला घालायचो. शेवटच्या भेटीतही तेच विचारलं. त्यांना जाऊन आता दहा वर्षं झाली. अखेरपर्यंत त्यांचं डोकं शाबूत होतं, शालन सांगते.

गेल्या महिन्यात डॉक्टरांना फोन केला, सगळं सांगितलं. ते म्हणाले, दुसरं प्रथिन वाढलेलं नव्हतं, तेव्हाच मी थांबायला हवं होतं. एवढं ऐकूनही त्यांनी स्वतःकडंच घेतलं. मॅडम आता नाहीत. आईही नाही.

हा अंक त्या गावच्या वाचनालयात जातो, हे मी संपादकांना विचारून घेतलंय. यंदा हो म्हणालो ते त्यासाठी. त्या पाणी योजनेच्या चाळीस सभासदांपैकी जे आहेत त्यांनी, आणि जे नाहीत त्यांच्या मुलांनी, एवढं वाचावं. त्या उन्हाळ्यातल्या दोन पाळ्या गळ्यातल्या एका ग्रंथीनं चुकवल्या. किल्ली गेली ती माझ्या बाटलीमुळं. सुभेदार पांडुरंग माने यांचं डोकं गेलेलं नव्हतं. हे मी सोमवारी सांगायला येणार होतो. आलो नाही.